पळणें आणि निसटणें : महाडच्या वाटेवरचीं चार प्रस्थानें

इंग्रजी भाषेंत ‘फ्ली’ आणि ‘एस्केप’ असे दोन शब्द आहेत. शाळेंतला विद्यार्थी दोहोंचेंही भाषांतर ‘पळून जाणें’ असेंच करतो, आणि घाईच्या वेळीं तेवढ्यानें काम भागतें. परंतु इंग्रजाच्या तोंडीं हे शब्द एकमेकांची जागा सहसा घेत नाहींत. ‘फ्ली’ हा शब्द पळणाराच्या पाठीकडे पाहतो. संकट कोणतें, भय कशाचें आणि पाय कोठून निघाला, एवढेंच तो सांगतो. पळणारा पुढें वांचला कीं सांपडला, याविषयीं तो मुका आहे. ‘एस्केप’ हा शब्द शेवट पाहून मग बोलतो. मनुष्य पकडणाराच्या हातून सुटला, ही गोष्ट सिद्ध झाल्यावांचून तो शब्द लागत नाहीं. म्हणून एखादा मनुष्य पळूनही सुटत नाहीं, आणि एखादा मुळींच न धांवतां सुटतो.

या शब्दांच्या कुळाकडे पाहिलें तर हा भेद अधिक उघड होतो. ‘फ्ली’ हा जुन्या इंग्रजीतला शब्द. पांखराच्या उडण्याला जो ‘फ्लाय’ शब्द आहे, त्याच्याशीं याची फार पूर्वीपासून सरमिसळ झाली. आणि दोघांचें नाम ‘फ्लाइट’ हें तर एकच होऊन बसलें. त्यामुळें गरुडाची भरारी आणि भित्र्याची पळ या दोहोंना इंग्रजींत एकच नांव आहे. मराठींत उड्डाण वेगळें, पलायन वेगळें; तेथें घोटाळा नाहीं. ‘एस्केप’ हा शब्द फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत आला, आणि त्याचें मूळ उत्तरकालीन लॅटिनमध्यें आहे. त्याचा मूळ अर्थ ‘झग्यांतून बाहेर पडणें’ असा. शत्रूनें पकडलें, झगा त्याच्या मुठींत राहिला, आणि आंतला मनुष्य नाहींसा झाला! मराठींत ‘हातावर तुरी देणें’ म्हणतात तें यापरतें दुसरें काय?

संस्कृतांतला ‘पलायन’ हा शब्दही मुळांत निंदेचा नाहीं. ‘परा’ म्हणजे दूर आणि त्यापुढें जाण्याचा धातु. दूर जाणें एवढाच त्याचा पहिला अर्थ. कालांतरानें त्याला भित्रेपणाचा डाग लागला. मराठीनें मात्र या एका क्रियेसाठीं शब्दांचें मोठें भांडार सांठविलें आहे. धूम ठोकणें, पोबारा करणें, पाठ दाखविणें, काढता पाय घेणें, पसार होणें, निसटणें, सुटणें. प्रत्येकांत पळणाराविषयींचा लोकांचा निकाल दडलेला आहे. शब्द निवडला कीं न्याय झाला. इतिहास लिहिणारानें म्हणूनच या ठिकाणीं विशेष जपावें लागतें. कारण पुरावा तपासण्यापूर्वीच शब्दानें निकाल देऊन टाकण्याचा धोका येथें फार.

हा भेद पारखून पाहण्यास महाड आणि पोलादपूर या टापूसारखी दुसरी जागा महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. दीडशें वर्षांच्या आंत चार मोठीं माणसें संकटकाळीं या टापूंतून गेलीं. चौघांचीही वाट थोड्याफार फरकानें एकच. परंतु एकाच वाटेवरून गेलेल्या या चौघांना एकच शब्द लावतां येत नाहीं.

संकटांत सांपडलेल्या माणसाची पावलें इकडेच कां वळत, याचें उत्तर भूगोलांत आहे. सावित्री नदी महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावते, घाट उतरून पोलादपुरावरून महाडास येते, तेथें गांधारी तिला मिळते, आणि पुढें बाणकोटच्या खाडीनें ती समुद्रास जाते. जुन्या काळीं भरतीच्या पाण्यावर गलबतें महाडच्या आसपास येत. म्हणून महाड ही घांटमाथ्याच्या मालाची मोठी पेठ होती. पूर्वेस सह्याद्रीची भिंत आणि तिच्यांत पार व वरंधा यांसारखे थोडेच घाट; उत्तरेस रायगड; आग्नेयेस पोलादपुराच्या वर प्रतापगड आणि जावळीचें रान; पश्चिमेस खाडी. देशावरून खालीं उतरलेल्या माणसामागें घांटाचें दार लोटलें जाई. मग त्याच्यापुढें तीन मार्ग राहत. गडावर चढावें, रानांत शिरावें, अथवा गलबतांत बसावें. हे तीनही मार्ग कोणीं ना कोणीं चोखाळले.

पहिलें प्रस्थान १६५६ सालचें. जावळीचे मोरे हे विजापूरच्या आदिलशाहीचे जुने सरदार. ‘चंद्रराव’ हा त्यांचा वंशपरंपरेचा किताब. पोलादपुराच्या वरचें सारें रान आणि घाट त्यांच्या ताब्यांत होते. त्या सालच्या जानेवारींत शिवाजीमहाराजांनीं जावळीवर चालून जाऊन ती घेतली. त्या वेळचा चंद्रराव जावळींतून निघाला आणि रायरीच्या किल्ल्यावर जाऊन बसला. हीच रायरी पुढें रायगड झाली. त्याच्या जाण्यांत कांहीं योजना दिसत नाहीं. पाठीमागें फौज उभी करणारा कोणी नव्हता, पुढें मदतीची खात्री नव्हती. किल्ला उंच होता एवढाच त्याचा आधार. महाराजांनीं वेढा घातला. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत मध्यस्थी होऊन चंद्रराव गड उतरला, आणि पुढें लौकरच त्याचा अंत झाला. हें निव्वळ ‘फ्ली’चें उदाहरण होय. पाय निघाला खरा, पण सुटका झाली नाहीं. आसरा आणि पिंजरा यांत फरक एवढाच कीं, पहिल्याला मागचें दार असतें. चंद्ररावाच्या रायरीला तें नव्हतें.

दुसरें प्रस्थान तेहतीस वर्षांनंतरचें, आणि वाट तीच, मात्र उलटी. १६८९ सालच्या फेब्रुवारीच्या आरंभीं संगमेश्वरीं संभाजीमहाराज मोंगलांच्या हातीं सांपडले. बातमी रायगडास येतांच तेथील मुत्सद्द्यांनीं त्यांचे धाकटे बंधु राजाराममहाराज यांना नजरकैदेंतून काढून त्याच महिन्यांत त्यांचें मंचकारोहण केलें. ११ मार्च रोजीं संभाजीमहाराजांचा वध झाला. वजीर असदखान याचा मुलगा इतिकादखान रायगडावर चालून आला, आणि मार्च संपण्यापूर्वीं गडाला मोंगलांचा वेढा पडूं लागला. गडावर त्या वेळीं तीन माणसें अशीं होतीं कीं, त्यांवर राज्याचें भवितव्य अवलंबून होतें. राजाराममहाराज एकोणीस वर्षांचे. संभाजीमहाराजांच्या राणी येसूबाई. आणि त्यांचा मुलगा शिवाजी, जो पुढें शाहू या नांवानें प्रसिद्ध झाला. त्याला त्या वेळीं सातवें वर्ष चालू होतें.

येथें जो विचार झाला तो बखरींतून येसूबाईंच्या नांवावर सांगितला जातो. विचार सरळ आहे. राज्याचे दोनही वारस एका गडावर राहिले, तर गड पडतांच राज्यच पडेल. मूल लहान, त्याला घेऊन रानावनांतून जाणें अवघड. तेव्हां जो तरुण आहे त्यानें बाहेर पडावें, फौज जमवावी, शत्रूचें लक्ष स्वतःकडे ओढावें. आणि गड लढविण्याचें काम मागें राहणारांनीं करावें. त्याप्रमाणें ५ एप्रिल १६८९ रोजीं राजाराममहाराज निवडक माणसांसह गडाबाहेर पडले. गडाच्या वाघ दरवाज्यानें ते उतरले असें परंपरा सांगते. तेथून त्यांनीं प्रतापगड गांठला. जावळीचा चंद्रराव ज्या रानांतून रायरीवर आला, त्याच रानाकडे रायरीचा राजा निघाला!

प्रतापगडावरही मोंगल पाठीवर होतेच. तेथून महाराज पन्हाळ्यास गेले. आणि सप्टेंबरच्या अखेरीस पन्हाळा सोडून, लिंगायत यात्रेकरूंचा वेष घेऊन, कर्नाटकाच्या वाटेस लागले. बादशहाचीं पथकें मागावर होतीं; तुंगभद्रेच्या बाजूस तीं अगदीं अंगाशीं येऊन भिडलीं. बिदनूरच्या राणी चेन्नम्मा यांनीं बादशहाचा रोष पत्करून त्यांना आपल्या मुलुखांतून जाऊं दिलें. बखरकार सांगतात कीं, बंगळुरास यात्रेकरूंविषयीं संशय आला तेव्हां खंडो बल्लाळ मागें राहिले, मारहाण सोसली, पण नांव सांगितलें नाहीं. नोव्हेंबरच्या आरंभीं महाराज जिंजीस पोंचले. या प्रवासावर केशवपंडितांनीं ‘राजारामचरितम्’ हें संस्कृत काव्य रचलें. पळपुट्या राजावर त्याच्याच काळांत कोणी चरित्रकाव्य रचीत नाहीं.

‘एस्केप’ या शब्दाच्या मुळांतला झगा येथें प्रत्यक्ष दिसतो. राजवस्त्रें मागें टाकलीं, यात्रेकरूचीं वस्त्रें अंगावर आलीं, आणि बादशहाच्या मुठींत राजा सांपडला नाहीं. परंतु एवढेंच असतें तर ती केवळ एका माणसाची सुटका ठरली असती. तिला याहून मोठा अर्थ आला तो मागें केलेल्या व्यवस्थेमुळें. महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांच्या हातीं सोंपविला होता आणि त्यांना हुकूमतपनाह हा किताब दिला होता. शंकराजी नारायण त्यांच्या जोडीस होते. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मोंगलांच्या छावण्या झोडपीत होते. बादशहाला आतां दोन ठिकाणीं लढावें लागलें. जिंजीसाठीं त्याची मोठी फौज १६९८ च्या आरंभापर्यंत अडकून पडली. आणि जिंजी पडली त्यापूर्वींच राजाराममहाराज तेथूनही निसटले होते. १७०० सालच्या मार्चमध्यें सिंहगडावर त्यांचा अंत झाला तेव्हां ते आपल्याच मुलुखांत आणि आपल्याच गडावर होते.

तिसरें प्रस्थान १७९६ सालचें. सवाई माधवराव पेशव्यांचा ऑक्टोबर १७९५ मध्यें मृत्यु झाला, आणि गादी कोणाची याविषयीं पुण्यांत घालमेल सुरू झाली. दौलतराव शिंदे फौजेसह पुण्याकडे येऊं लागले, तेव्हां नाना फडणिसांनीं पुणें सोडलें. पुरंदर, सातारा, वाई असे मुक्काम झाले. आणि परशुरामभाऊ पटवर्धनही उलटले असें दिसतांच नाना घांट उतरून महाडास आले. रायगडाचा बंदोबस्त त्यांनीं केला. नाना शूर शिपाई नव्हते; पानपतच्या रणांगणापासून त्यांच्या भित्रेपणाच्या गोष्टी लोकांत प्रसिद्ध होत्या. म्हणून महाडास ते आले तेव्हां त्यांचा काळ संपला असेंच पुष्कळांना वाटलें असल्यास नवल नाहीं.

परंतु महाडास येतांच या माणसाची बुद्धि जागी झाली. पाठीस घांट, जवळ रायगड, समोर समुद्र, आणि पेटींत पैसा. नानांनीं फौज उभी केली आणि पत्रें धाडलीं. तुकोजी होळकर, नागपूरचे भोसले, निजाम, स्वतः दौलतराव शिंदे, आणि ज्यांच्या वडिलांशीं जन्मभर हाडवैर केलें ते बाजीराव रघुनाथ, इतक्यांशीं एकाच वेळीं सूत जुळविलें. निजामाशीं ऑक्टोबर १७९६ मध्यें महाडास तह झाला. त्यांत आदल्या वर्षीं खर्ड्याच्या लढाईनें मिळविलेला लाभ बराचसा परत देण्याचें ठरलें. त्याच महिन्याच्या अखेरीस शिंद्यांचे कारभारी बाळोबातात्या कैद झाले, परशुरामभाऊ पकडले गेले, आणि डिसेंबरांत दुसऱ्या बाजीरावास पेशवाईचीं वस्त्रें मिळून नाना पुन्हां कारभारावर बसले.

नाना पळाले कीं निसटले? पुण्याहून निघाले तेव्हां पाहणारानें ‘पळाले’ म्हटलें असतें. आठ महिन्यांनीं त्यालाच शब्द बदलावा लागला असता. येथें दोनही शब्द एकाच प्रस्थानाला लागतात. मात्र किंमत विसरतां येत नाहीं. खर्ड्यास अनेकांनीं रक्त सांडून जें मिळविलें तें एका माणसाच्या पुनरागमनासाठीं परत गेलें. आणि ज्याला गादीवर बसविलें त्याच्याच कारकीर्दींत, पुढच्याच वर्षाच्या अखेरीस, नानांना शिंद्यांच्या कैदेंत जावें लागलें. मनुष्य निसटला, पण राज्य अधिक अडकलें.

चौथें प्रस्थान त्याच बाजीरावाचें, १८०२ सालचें. विठोजी होळकरास आदल्या वर्षीं पुण्यांत हत्तीच्या पायीं देऊन मारलें होतें. त्याचा भाऊ यशवंतराव होळकर फौजेनिशीं चालून आला, आणि २५ ऑक्टोबर रोजीं हडपसराजवळ पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा मोड झाला. बाजीराव सिंहगडाकडे गेला. तेथून घांट उतरून रायगड व महाड या बाजूस आला. महाडास बसून त्यानेंही पत्रें लिहिलीं. नानांनीं सहा वर्षांपूर्वीं येथूनच पत्रें लिहिलीं होतीं, पण तीं मराठी दौलतींतल्या आणि तिच्या शेजारच्या सत्तांना. बाजीरावाचें पत्र मुंबईच्या इंग्रजांना गेलें, आणि त्यांत गलबतांची मागणी होती. होळकरांचीं माणसें पाठोपाठ कोंकणांत उतरतांच तो सुवर्णदुर्गाकडे सरकला आणि पुढें समुद्रमार्गें वसईस पोंचला. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं तेथें तह झाला. निदान सहा हजार इंग्रजी पायदळ पदरीं ठेवावें, त्याच्या खर्चासाठीं २६ लाखांचा मुलूख तोडून द्यावा, आणि परराज्यांशीं व्यवहार इंग्रजांच्या सल्ल्यानें करावा, हीं त्यांतलीं मुख्य कलमें.

केवळ शब्दाच्या अर्थानें पाहिलें तर बाजीराव निसटला. होळकरांना तो सांपडला नाहीं. १८०३ च्या मे महिन्यांत तो पुण्यास परत येऊन गादीवर बसला. इंग्रजी कोशाप्रमाणें हें यशस्वी ‘एस्केप’ होय. तरीही महाराष्ट्रानें त्याला जें विशेषण दिलें तें ‘पळपुटा’! आणि राजाराममहाराज, जे रायगडाहून प्रतापगडास, तेथून पन्हाळ्यास, तेथून जिंजीस, आणि जिंजीहून पुन्हां विशाळगडास असे शत्रूच्या हातून वरचेवर निघून गेले, त्यांच्या प्रवासाला ‘जिंजीचा प्रवास’ असेंच म्हणण्याचा परिपाठ आहे. १६६६ सालीं थोरले महाराज आग्र्याहून निघाले, त्या प्रसंगाला तर मराठींतलें प्रत्येक मूल ‘आग्र्याहून सुटका’ म्हणतें. लोकांची भाषा येथें कोशाहून शहाणी ठरते.

तिची कसोटी काय, हें या चार उदाहरणांवरून काढतां येतें. पळणारा किती वेगानें गेला, भ्याला होता कीं नव्हता, वेषांतर केलें कीं नाहीं, हें लोक पाहत नाहींत. रणांगण सोडून द्वारकेस गेलेल्या श्रीकृष्णाला ‘रणछोड’ म्हणून भक्तच हांक मारतात. लोक पाहतात तें हें कीं, जातांना मनुष्यानें काय बरोबर नेलें आणि काय मागें टाकलें. चंद्ररावानें केवळ आपला जीव नेला. बाजीरावानें आपली गादी नेली, आणि जिच्यासाठीं गादी असते ती स्वतंत्रता मागें टाकली. नानांनीं बुद्धि नेली, पण तिची किंमत दौलतीकडून वसूल केली. राजाराममहाराजांनीं राज्यच बरोबर नेलें आणि राज्याची व्यवस्था मागें ठेवली. म्हणूनच त्यांच्या बाबतींत ‘पळाले’ हा शब्द मराठी जिभेवर सहजीं येत नाहीं.

परंतु या सगळ्या शब्दांना, इंग्रजी असोत वा मराठी, एक मोठी उणीव आहे. ते सारे जाणाराविषयीं बोलतात. राहणाराविषयीं त्यांच्यापाशीं अक्षर नाहीं. ५ एप्रिलच्या त्या दिवशीं राजाराममहाराज गड उतरले, तेव्हां येसूबाई गडावर राहिल्या. पतीचा वध होऊन महिनाही झाला नव्हता. सहा वर्षांचें मूल जवळ, आणि खालीं मोंगलांची छावणी. पुढें पावसाळा आला. काळ आणि गांधारी या नद्यांचे पूर, सह्याद्रीचें धुकें आणि गडाचे कडे यांच्या आधारानें गड शरद ऋतूपर्यंत लढला. तेवढ्या अवधींत राजाराममहाराज पन्हाळा सोडून दक्षिणेच्या वाटेस लागले. १६८९ च्या हिंवाळ्याच्या तोंडीं रायगड पडला. सूर्याजी पिसाळाच्या फितुरीनें पडला असें बखरी सांगतात. येसूबाई आणि बालराजे मोंगलांच्या कैदेंत गेले. इतिकादखानास या विजयाबद्दल झुल्फिकारखान हा किताब मिळाला. आणि त्यालाच पुढें जिंजीच्या वेढ्यावर जावें लागलें.

शाहूमहाराज सुटले ते १७०७ सालीं, म्हणजे अठरा वर्षांनीं. येसूबाई परत आल्या त्या १७१९ सालीं. रायगड सोडल्यास तेव्हां तीस वर्षें होत आलीं होतीं. त्याच गडावर १८१८ च्या मे महिन्यांत आणखी एक राणी मागें राहिली होती. बाजीराव इंग्रजांपुढें मुलूखभर पळत असतां त्याची पत्नी वाराणशीबाई रायगडावर होती, आणि इंग्रजी तोफांनीं गडावरच्या इमारती पेटल्यावर गड खालीं झाला. दोघीही मागें राहिल्या. परंतु एक ठरवून राहिली आणि एक राहून गेली. पहिलीनें राहूनच दुसऱ्याचें जाणें शक्य केलें.

महाडहून पोलादपुराकडे जाणारी वाट आज रुंद झाली आहे, आणि आंबेनळीच्या घांटानें मोटारी प्रतापगडाकडे चढतात. रायगडावर जाणारा प्रवासी वाघ दरवाजा पाहतो आणि राजा येथून निघाला असें ऐकतो. त्यानें तेथून वळून राणीवशाच्या जोत्यांकडेही पाहावें. निसटणाराला वाट लागते, धैर्य लागतें, दैवही लागतें. परंतु त्याच्याआधीं, दार आंतून लावून घेऊन मागें उभें राहणारें कोणीतरी लागतें. रायगडाच्या बाबतींत त्या व्यक्तीचें नांव ठाऊक आहे. तिच्या त्या कृतीला शब्द मात्र अजून मिळावयाचा आहे.